वायरशार्कला प्रश्न कसा विचारायचा: 4.4 आणि 4.6 मध्ये काय नवं आहे

ऑफिसातलं वेबवर चालणारं बिलिंग सॉफ्टवेअर रखडायला लागलं की पुढचं नाटक ठरलेलं असतं. नेट देणारा म्हणतो, "लाइन एकदम ओके आहे, स्पीड टेस्ट करून बघा." सॉफ्टवेअरवाला म्हणतो, "आमच्याकडून काही प्रॉब्लेम नाही, तुमचं नेट चेक करा." दोघंही छातीठोकपणे बोलतात, आणि काउंटरवर गिऱ्हाइकांची रांग वाढत जाते. अशा वेळी पुरावा लागतो. तो गोळा करायला जगभरचे नेटवर्कवाले जे सॉफ्टवेअर उघडतात, ते म्हणजे वायरशार्क. ते मोफत आहे, त्याचा सोर्स कोड खुला आहे, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं.

जेराल्ड कोम्ब्स यांनी ते अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत नोकरी करताना लिहायला घेतलं आणि 1998 मध्ये ‘इथिरियल’ या नावाने बाहेर काढलं. 2006 मध्ये त्यांनी नोकरी बदलली. जुन्या नावाचा ट्रेडमार्क त्यांच्या हातात नव्हता, म्हणून वायरशार्क हे नाव आलं. ऑगस्ट 2024 मध्ये 4.4 आणि ऑक्टोबर 2025 मध्ये 4.6 या आवृत्त्या आल्या. दोन्हींची बदलांची यादी इतकी लांब आहे की वाचता वाचता जांभई यावी. पण नीट पाहिलं तर पॅकेट पकडण्याच्या मूळ कामात फारसा फरक पडलेला नाही. पकडलेल्या लाखो पॅकेटच्या ढिगाऱ्याला प्रश्न कसा विचारायचा, सगळी सुधारणा तिथे चालली आहे. म्हणून यादी बाजूला ठेवून हे प्रश्न काय असतात तेच आधी बघू.

एका क्लिकच्या मागे काय घडतं

नेटवर्कवरून डेटा सलग धारेने जात नाही, तुकड्यातुकड्यांनी जातो. या तुकड्याला पॅकेट म्हणतात. नेहमीच्या इथरनेटवर एका पॅकेटमध्ये साधारण 1500 बाइट मावतात, त्यामुळे दोन एमबीचा एक फोटो पाठवला तरी चौदाशेच्या आसपास पॅकेट धावतात. प्रत्येक पॅकेटवर कुठून निघालं, कुठे चाललं, कितव्या नंबरचा तुकडा आहे, असा मजकूर असतो. या भागाला हेडर म्हणतात. वायरशार्क प्रत्येक पॅकेटची नक्कल घेतो, त्यावर वेळ टाकतो आणि हेडर उलगडून वाचता येईल असं समोर मांडतो. खिडकीत वर पॅकेटची यादी दिसते, खाली डावीकडे निवडलेल्या पॅकेटचा तपशील आणि उजवीकडे कच्चे बाइट. (आधी हे तिन्ही भाग एकाखाली एक असायचे, खालचे दोन शेजारी आले ते 4.0 पासून.)

आता ते बिलिंगचं पान घेऊ. समजा ‘सेव्ह’ दाबल्यावर पाच सेकंद नुसतं चक्र फिरतंय. कॅप्चरमध्ये, म्हणजे पकडलेल्या पॅकेटच्या नोंदीत, असा क्रम दिसतो. आधी आपला कॉम्प्युटर डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला) सर्व्हरचा पत्ता विचारतो; उत्तर 12 मिलिसेकंदात येतं, म्हणजे तिथे घोळ नाही. मग सर्व्हरकडे ‘सिन’ नावाचं पॅकेट जातं आणि 30 मिलिसेकंदांनी ‘सिन-अ‍ॅक’ परत येतं. ही जाण्या-येण्याची वेळ. तीही उत्तम, म्हणजे रस्ता मोकळा आहे. पुढे एन्क्रिप्शनची बोलणी होतात आणि मग आपली खरी विनंती निघते. 30 मिलिसेकंदांनी सर्व्हरची पोच येते. आणि मग शांतता. 4.2 सेकंद एकही पॅकेट नाही. त्यानंतर उत्तराची पॅकेट धडाधड येतात.

इथे निकाल लागतो. विनंती पोचली, पोचल्याची पावतीही वेळेत आली, उत्तर मात्र चार सेकंदांनी निघालं. हा वेळ रस्त्यात गेला नाही, सर्व्हरच्या आत गेला. बहुतेक वेळा डेटाबेसमध्ये. विनंतीचा मजकूर एन्क्रिप्ट केलेला होता, तो आपल्याला वाचता आला नाही, तरी काही बिघडलं नाही. घड्याळ पुरलं. एकच खोच लक्षात ठेवायची. मध्ये प्रॉक्सी किंवा लोड बॅलन्सर (सर्व्हरच्या वतीने विनंत्या घेणारं मशीन) असेल तर पावती त्याने दिलेली असू शकते. तरीही, तो आपल्याच ऑफिसात बसवलेला नसेल तर, दोष आपल्या लाइनचा नाही एवढं सिद्ध होतंच.

हे वाचायला सोपं वाटतं, कारण मी फक्त कामाची पॅकेट सांगितली. प्रत्यक्षात त्याच दहा सेकंदांत प्रिंटर ओरडत असतो, अँटिव्हायरस अपडेट ओढत असतो, कुणाचं तरी व्हॉट्सअ‍ॅप बॅकअप घेत असतं. दहाबारा कामाची पॅकेट हजारोंच्या गर्दीत बुडालेली असतात. म्हणून फिल्टर.

‘नाही’ या प्रश्नाची गंमत

वायरशार्कमध्ये वर एक पट्टी असते. तिथे अट लिहिली की तेवढीच पॅकेट उरतात. अट बरोबर असेल तर पट्टी हिरवी, चुकली तर लाल. (अट टाइप करायची ती रोमन अक्षरांत, इथे मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय.)

समजा प्रिंटरचा पत्ता 192.168.1.5 आहे आणि त्याची कटकट यादीतून काढायची आहे. कुणीही सहज लिहील (!= म्हणजे ‘समान नाही’): आयपी.अ‍ॅड्र != 192.168.1.5. वर्षानुवर्षं हे लिहिल्यावर प्रिंटर जागच्या जागी दिसत राहायचा! पट्टी फार तर पिवळी व्हायची. कारण प्रत्येक पॅकेटवर दोन पत्ते असतात, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा. जुना वायरशार्क त्या अटीचा अर्थ ‘दोनपैकी कुठलातरी एक पत्ता प्रिंटरचा नाही’ असा लावायचा. प्रिंटर स्वतःलाच पॅकेट पाठवत नसल्यामुळे दुसरा पत्ता कायम वेगळाच असायचा, आणि अट कायम खरी ठरायची. तर्काला धरून होतं, पण माणसाला ते अपेक्षित नव्हतं. जुनी मंडळी अख्खी अट कंसात घालून बाहेर नकार लावायची, आणि नव्यांना हे पाठ करून घ्यावं लागायचं.

नोव्हेंबर 2021 च्या 3.6 मध्ये हा अर्थ बदलला. आता != म्हणजे ‘एकही पत्ता प्रिंटरचा नाही’. जुना अर्थ कुणाला खरोखर हवा असेल तर त्यासाठी !== असं वेगळं चिन्ह आहे. ऑक्टोबर 2022 च्या 4.0 ने आणखी पुढे जाऊन ‘कुठलंही एक’ आणि ‘सगळीच्या सगळी’ असे दोन शब्दच अटीत वापरायला दिले. ‘सगळे पोर्ट 1024 च्या वरचे’ असा प्रश्न आता सरळ लिहिता येतो (पोर्ट म्हणजे पॅकेट कुठल्या सेवेसाठी आहे हे सांगणारा नंबर). माझ्या मते गेल्या काही वर्षांतला वायरशार्कमधला सगळ्यात मोठा बदल हाच. त्याचा चकचकीत स्क्रीनशॉट निघत नाही, म्हणून त्याचं फार कौतुक झालं नाही इतकंच.

4.0 मधलीच दुसरी सोय व्हीपीएन (इंटरनेटवरून दोन ऑफिसं जोडणारा खाजगी बोगदा) हाताळणाऱ्यांना लागते. बोगद्यातून जाणारं पॅकेट म्हणजे पाकिटात घातलेलं दुसरं पाकीट. बाहेरच्यावर दोन ऑफिसांच्या राउटरचे पत्ते, आतल्यावर खऱ्या कॉम्प्युटरचे. आधी पत्ता शोधला की दोन्ही पाकिटं एकदम चाळली जायची. आता अटीत # आणि आकडा लिहून ‘दुसऱ्या थरातलाच पत्ता बघ’ असं बजावता येतं. आतलं पाकीट एन्क्रिप्ट केलेलं नसेल तरच, हे ओघाने आलं.

4.4: कॉलम, प्रोफाइल आणि आलेख

पॅकेटच्या यादीत आपल्याला हवे ते कॉलम लावता येतात, हे जुनंच. पण कॉलममध्ये पॅकेटमधलं एखादं तयार क्षेत्रच दाखवता यायचं. 4.4 पासून कॉलममध्ये अख्खी मांडणी लिहिता येते: बेरीज-गुणाकार, फंक्शन, बाइटचे तुकडे, हो-नाही अशी तपासणी, सगळं. पॅकेटची लांबी बाइटऐवजी बिटमध्ये हवी? आठाने गुणून कॉलम लावा.

जास्त कामाचं उदाहरण सुरक्षेचं आहे. एखाद्या कॉम्प्युटरवर घुसलेला घातक प्रोग्रॅम चोरलेली माहिती बाहेर पाठवायला कधी कधी डीएनएसचा आडमार्ग घेतो, कारण बहुतेक ठिकाणी फायरवॉल डीएनएसला अडवत नाही. माहितीचे तुकडे तो वेबसाइटच्या नावातच कोंबतो. त्यामुळे विचारलेली नावं अवाढव्य लांब आणि अगम्य होतात. ‘विचारलेल्या नावाची लांबी’ असा कॉलम लावायचा आणि त्या कॉलमच्या डोक्यावर क्लिक करून मोठ्यापासून लहान लावायचं. साधी नावं वीस-तीस अक्षरांची असतात. त्यांच्या वर दीडशे-दोनशे अक्षरांची रांग दिसली की लगेच विचारपूस सुरू करायची. लगेच आरोप करू नका. काही अँटिव्हायरस आणि जाहिरातवालेसुद्धा लांबलचक नावं वापरतात.

प्रोफाइल म्हणजे कॉलम, रंग, फिल्टरची बटणं यांचा एक जुळवलेला संच. फोन कॉलच्या तक्रारीसाठी एक, वेबसाठी एक, वायफायसाठी एक, असे संच लोक बनवून ठेवतात. 4.4 मध्ये प्रोफाइलला एक फिल्टर जोडून ठेवता येतो. उघडलेल्या फाइलमध्ये त्या फिल्टरला जुळणारं पॅकेट सापडलं की वायरशार्क आपोआप त्या प्रोफाइलवर जातो. त्यासाठी किती पॅकेट तपासायची हे ठरवता येतं. तिथे शून्य टाकलं की सोय बंद. रोज दहा ठिकाणच्या फाइली पाहणाऱ्याला यात सुख आहे. महिन्यातून एकदा वायरशार्क उघडणाऱ्याने याच्या मागे लागू नये. फाइल उघडल्यावर कॉलम अचानक का बदलले, हे शोधण्यातच त्याचा वेळ जाईल.

एक छोटी, पण मनापासून आवडलेली सोय. वायरशार्कमध्ये फिल्टरच्या दोन भाषा आहेत. पकडून झालेल्या पॅकेटमधून निवडायची एक, आणि मुळात पकडायचंच काय हे ठरवायची दुसरी. ही दुसरी भाषा जुनी आहे. तिच्या मुळाशी लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत स्टीव्हन मॅकॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी केलेलं काम आहे, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीचं. एकीत पोर्टसाठी ठिपका आणि दोन बरोबरची चिन्हं, दुसरीत नुसते शब्द ओळीने. दोन्ही डोक्यात ठेवताना शिकणाऱ्यांची त्रेधा उडते. 4.4 मध्ये एडिट मेनूतल्या कॉपीखाली एक पर्याय आलाय. त्याने पहिल्या भाषेतली अट दुसरीत बदलून मिळते. प्रत्येक अट बदलता येत नाही. दुसऱ्या भाषेत त्या गोष्टीला जोड असली तरच. पत्ते आणि पोर्ट यांचं काम मात्र भागतं.

आलेखांकडे थोडं थांबू, कारण इथे नुसतं नटवणं झालेलं नाही. नेटवर्कवर किती गर्दी होती हे ‘आय-ओ ग्राफ’मध्ये दिसतं. तो सहसा सेकंदाच्या हिशेबाने काढतात, आणि फसगत तिथेच होते. समजा स्विचवर (ऑफिसातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या पेटीवर) एक गिगाबिटचा पोर्ट, म्हणजे केबल लावायची जागा, आहे आणि एका सेकंदात त्यातून 100 मेगाबिट गेले. आलेख म्हणणार, दहा टक्केच वापर, मजेत आहे. पण ते 100 मेगाबिट जर पहिल्या 100 मिलिसेकंदांतच घुसले असतील, तर तेवढा वेळ पोर्ट काठोकाठ भरलेला होता. त्याच वेळी दुसऱ्या कॉम्प्युटरची पॅकेट तिथे आली तर ती स्विचच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवणीत, थांबतात, आणि बफर भरला की गळतात. इंटरनेटवरून चाललेल्या फोन कॉलमध्ये आवाज खरखरतो तो इथे. तक्रार खरी असते, आलेखही खरा असतो, फक्त दोघं वेगळ्या मापाने मोजत असतात.

या क्षणिक लोंढ्यांना मायक्रोबर्स्ट म्हणतात. ते पाहायचे तर आलेखाचं माप बारीक करावं लागतं. आधी ते एका मिलिसेकंदापर्यंत उतरायचं; 4.4 मध्ये एका मायक्रोसेकंदापर्यंत उतरतं. वरच्या उदाहरणाला मिलिसेकंद पुरला असता. पण 10 गिगाबिटच्या लाइनवर एका मिलिसेकंदात सव्वा एमबी डेटा येऊन पडतो, आणि लहान स्विचचा बफर भरायला तेवढं पुष्कळ आहे. मात्र साध्या लॅपटॉपवर घेतलेल्या कॅप्चरमध्ये मायक्रोसेकंदाच्या आकड्यांवर पैज लावू नका. पॅकेटवरची वेळ कॉम्प्युटरने टाकलेली असते, आणि कॉम्प्युटर त्या वेळी दुसऱ्या कामात असू शकतो. तितकी अचूकता हवी तर वेगळं हार्डवेअर लागतं.

4.6: ठिपके आणि बाकी

4.6 मध्ये ‘प्लॉट्स’ नावाची नवी खिडकी आली. आय-ओ ग्राफ ठरावीक वेळातल्या पॅकेटची बेरीज किंवा सरासरी दाखवतो. प्लॉट्स प्रत्येक मूल्याचा वेगळा ठिपका काढतो. फरक हिशेबात बघा. हजार विनंत्यांपैकी 995 ना 20 मिलिसेकंदांत उत्तर मिळालं आणि पाच जणांना चार-चार सेकंद लागले. सरासरी येते 40 मिलिसेकंदांच्या आत. असा अहवाल मीटिंगमध्ये दाखवला तर सगळे खूश. ठिपक्यांच्या चित्रात खाली दाट पट्टा आणि वर लांब पाच एकटे ठिपके, आणि हे पाच एका वेळी आले की दर दहा मिनिटांनी एक, हेही दिसतं. दर दहा मिनिटांनी असेल तर सर्व्हरवर कुठलं काम दहा मिनिटांनी चालतं हा पुढचा प्रश्न आपोआप सुचतो.

कॅप्चर चालू असतानाच फाइल आवळून लिहायची सोयही आली. तिच्याकडून फार आशा ठेवू नये, कारण एन्क्रिप्ट केलेला डेटा आवळला जात नाही आणि हल्लीचा बहुतेक ट्रॅफिक तसाच असतो. मॅकवाल्यांना मात्र एक घबाड मिळालंय. मॅकवरचा टीसीपीडंप (पॅकेट पकडणारा प्रोग्रॅम) पॅकेटसोबत ते कुठल्या प्रोसेसचं, म्हणजे चालू प्रोग्रॅमचं, आहे ही माहिती लिहू शकतो, आणि 4.6 ती उलगडून दाखवतो. ‘हा डेटा नक्की कुठलं अ‍ॅप पाठवतंय’ हा सगळ्यात नेहमीचा प्रश्न, आणि नुसत्या पॅकेटवरून त्याचं थेट उत्तर मिळत नाही, कारण पॅकेटवर अ‍ॅपचं नाव नसतं.

काय दिसत नाही

शेजाऱ्याचा पासवर्ड दिसेल का, बँकेचा पिन दिसेल का, असं हमखास विचारलं जातं. नाही. बँकेचं अ‍ॅप असो की साधी वेबसाइट, हल्ली जवळजवळ सगळीकडे मजकूर एन्क्रिप्ट होऊन जातो. कुठल्या साइटला जोडणी झाली ते नाव बऱ्याचदा दिसतं, किती डेटा गेला ते दिसतं, केव्हा गेला ते दिसतं. आत काय होतं ते नाही. आपल्याच ब्राउझरचा मजकूर उलगडायचा असेल तर क्रोम किंवा फायरफॉक्सला त्याच्या तात्पुरत्या किल्ल्या एका फाइलमध्ये लिहायला सांगता येतं आणि ती फाइल वायरशार्कला देता येते. म्हणजे किल्ली हातात असेल तरच.

दुसरं, ऑफिसच्या स्विचला लॅपटॉप लावला की सगळ्यांचा ट्रॅफिक दिसेल ही समजूतही सोडा. स्विच ज्याचं पॅकेट त्यालाच देतो. आपल्याला आपलं आणि सगळ्यांसाठी ओरडून सांगितलेलं तेवढंच मिळतं. बाकीच्यांचं पाहायला स्विचवर पोर्ट मिररिंग (एका पोर्टच्या पॅकेटची नक्कल दुसऱ्या पोर्टवर पाठवणं) लावावं लागतं, आणि ते स्विचचा अ‍ॅडमिन लावतो. परवानगी त्याच्याकडूनच घ्यायची. मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कमधून डेटा उतरवून घेणं भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 मधल्या कलम 43 खाली येतं.

अपडेट करावं का

करावं, आणि कारण नव्या खिडक्या हे नाही. वायरशार्क अनोळखी लोकांनी पाठवलेली पॅकेट उलगडतो. मुद्दाम वेडंवाकडं बनवलेलं पॅकेट आलं तर उलगडणारा कोड कोसळू शकतो, आणि अशा त्रुटी सतत सापडत आणि दुरुस्त होत असतात. म्हणूनच पॅकेट पकडायचं काम ‘डंपकॅप’ नावाच्या छोट्या प्रोग्रॅमकडे वेगळं ठेवलंय. लिनक्सवर अख्खा वायरशार्क रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवायची सवय असेल तर मोडा. 4.3, 4.5 अशी मधला आकडा विषम असलेली आवृत्ती दिसली तर ती चाचणीची असते, रोजच्या कामाला घेऊ नये.

अडचणी तीन येऊ शकतात. 32 बिटचं विंडोज असेल तर 4.0 पासून अधिकृत इन्स्टॉलर नाही. विंडोजवर जुनं विनपीकॅप (पॅकेट पकडायला लागणारं जोड-सॉफ्टवेअर) टाकलेलं असेल तर 4.6 ते ओळखत नाही, एनपीकॅप टाकावं लागतं. तसंही विनपीकॅपची शेवटची आवृत्ती 2013 ची आहे. आणि लुआ भाषेत कुणी स्वतःची स्क्रिप्ट लिहून ठेवली असेल तर 4.4 मध्ये लुआ 5.1 आणि 5.2 चा आधार गेला, 5.3 आणि 5.4 आला. ती स्क्रिप्ट आधी दुसऱ्या मशीनवर चालवून बघा.

आणि ती 4.2 सेकंदांची शांतता सॉफ्टवेअरवाल्याला दाखवायला फाइल पाठवणार असाल, तर अख्खी पाठवू नका. फिल्टर लावून फक्त त्या सर्व्हरशी झालेली पॅकेट वेगळी सेव्ह करा. फाइल मेनूत निवडक पॅकेट एक्स्पोर्ट करायचा पर्याय आहे. वायरशार्कसोबत येणाऱ्या ‘एडिटकॅप’ने प्रत्येक पॅकेट सुरुवातीच्या 96 बाइटांवर कापता येतं. हेडर राहतात, वेळ राहते, मजकूर जवळजवळ सगळा जातो. ऑफिसातले आतले आयपी पत्ते मात्र त्यात राहतातच, तेव्हा फाइल एखाद्या सार्वजनिक ग्रुपवर टाकू नका, ज्याला हवी त्यालाच मेल करा.